नेम कोणी धरावयाचा?

संगणकावर पाणबुडीचे खेळ खेळणाऱ्या मंडळींत एक वाद गेली चाळीस वर्षे चालू आहे. शत्रूच्या जहाजावर टॉर्पेडो सोडताना नेम खेळणाऱ्याने स्वतः धरावा, की तो यंत्रावर सोपवावा? वरवर पाहता हा वाद पोरकट वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी भूमितीचा एक देखणा प्रश्न आहे. आणि त्या भूमितीच्याही मुळाशी, माणसाच्या डोळ्यावर किती विसंबावे, हा त्याहून जुना प्रश्न आहे. ज्यांनी हे खेळ कधी पाहिलेले नाहीत त्यांनाही तो सहज समजण्यासारखा आहे.

ज्या श्रोत्यांनी लहानपणी आबाधोबीचा खेळ खेळला असेल त्यांना अर्धा प्रश्न आधीच ठाऊक आहे. चिंध्यांचा चेंडू पळत्या गड्याच्या पाठीत बसवावयाचा तर गडी जेथे आहे तेथे तो मारून भागत नाही. गडी जेथे पोचणार आहे तेथे मारावा लागतो. हात हे गणित आपोआप करतो, कारण चेंडू गड्यापेक्षा पुष्कळ वेगवान असतो आणि अंतर दहावीस पावलांचे असते. टॉर्पेडोची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांचा विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉटने धावे. म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर, आपल्या एस. टी. गाडीचा वेग. समोरचे मालवाहू जहाज १० नॉटने चालले असेल तर टॉर्पेडो त्याच्या अवघा तिप्पट वेगवान झाला. अंतर दीड हजार मीटर असेल तर टॉर्पेडोला तेथवर पोचावयास जवळजवळ शंभर सेकंद लागतात आणि तेवढ्यात जहाज पाचशे मीटर पुढे निघून गेलेले असते. नेम धरावयाचा तो अर्धा किलोमीटर पुढच्या रिकाम्या पाण्यावर!

टॉर्पेडोला मराठीत पाणतीर म्हणतात, आणि त्या काळच्या टॉर्पेडोला हे नाव चांगले शोभते. सुटला की सुटला. नळीतून बाहेर पडल्यावर त्याच्या पोटातील जायरोस्कोप, म्हणजे गरगर फिरणाऱ्या भोवऱ्याचे यंत्र, त्याला आधी नेमून दिलेल्या दिशेस वळवी आणि मग तो सरळ रेषेत धावत राही. मध्येच जहाजाने वाट बदलली तर त्याचा त्याला पत्ता नसे. आवाजाचा माग काढीत जाणारे टॉर्पेडो १९४३ साली वापरात आले, पण ते प्रकरण वेगळे.

तेव्हा नेम धरणाऱ्यास चार गोष्टी कळावयास हव्यात. जहाज कोणत्या दिशेला दिसते, ते किती दूर आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे आणि ते किती वेगाने चालले आहे. पहिली गोष्ट पेरिस्कोपच्या भोवतालच्या अंशांच्या कड्यावर सरळ वाचता येते. दुसरीसाठी पेरिस्कोपमध्ये एक युक्ती केलेली असते. कळ फिरविली की काचेत जहाजाच्या दोन प्रतिमा दिसू लागतात; एकीच्या डोलकाठीचे टोक दुसरीच्या पाणरेषेला टेकविले, की त्या दोहोंमधील कोन मिळतो. डोलकाठीची खरी उंची ओळखपुस्तकातून घ्यावयाची आणि अंतर काढावयाचे. अर्थात जहाजच ओळखण्यात चूक झाली, तर उंचीत जितके शेकडा चुकेल तितकेच शेकडा अंतरातही चुकणार.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, कोणीकडे वळलेली आहे? जहाजावरच्या माणसाने नाळेकडे तोंड करून उभे राहावे, आणि पाणबुडी आपल्या किती अंश डावीकडे वा उजवीकडे आहे ते सांगावे, अशी कल्पना करावी. तो हा कोन. जहाज पूर्ण आडवे दिसत असेल तर तो ९० अंश. सरळ अंगावर येत असेल तर शून्य. मधले सारे कोन केवळ डोळ्याने ठरवावयाचे असतात. त्याला उपकरण नाही. दोन डोलकाठ्यांमधले अंतर किती आखडलेले दिसते, धुराडे कोणत्या काठीच्या आड जाते, नाळेपाशी फुटणारे पाणी दोन्ही अंगांना दिसते की एकाच अंगाला, एवढ्यावरून चाळीस म्हणावयाचे की पन्नास ते ठरवावयाचे. तेही लाटांवर वरखाली होणाऱ्या काचेतून, आणि काही सेकंदांत, कारण पेरिस्कोप फार वेळ पाण्यावर ठेवला तर तो दिसतो.

चौथी गोष्ट वेगाची. आगगाडीने तारेचा खांब ओलांडण्यास अमुक सेकंद लागले तर तिचा वेग काय, ही उदाहरणे शाळेत प्रत्येकाने सोडविलेली असतात. येथे तेच उदाहरण समुद्रावर सोडवावयाचे. पाणबुडी जवळजवळ थांबवावयाची, पेरिस्कोप हलू द्यावयाचा नाही आणि काचेतील उभी रेघ हाच खांब मानावयाचा. नाळ रेघेला लागली की घड्याळ सुरू. जहाजाचे मागचे टोक रेघेपलीकडे गेले की बंद. १२० मीटर लांबीच्या जहाजाला २४ सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे पावणेदहा नॉटच्या आसपास. मौजेची गोष्ट अशी की जहाज तिरपे चालले असले तरी उत्तर बहुधा बदलत नाही.

आता चूक किती महाग पडते ते पाहावे. वरच्या उदाहरणात घड्याळ दोन सेकंद मागेपुढे झाले तर वेगाच्या हिशेबात जवळजवळ एक नॉटचा फरक पडतो. दीड हजार मीटरवरून सोडलेला टॉर्पेडो या एका नॉटपायी ५० मीटर चुकतो. नेम जहाजाच्या मध्यावर असेल आणि जहाज १२० मीटर लांब असेल, तर दोन्ही बाजूंना साठ-साठ मीटरांची सवड आहे. एक नॉट चुकला तरी निभावते. दोन नॉट चुकले तर टॉर्पेडो शंभर मीटर मागून निघून जातो. तेच अंतर सहाशे मीटर असेल तर दोन नॉटांची चूकसुद्धा चाळीस मीटरांतच मिटते आणि टॉर्पेडो लागतो. म्हणून जवळ जाणे हेच नेमबाजीचे निम्मे काम. जर्मन कप्तान ओटो क्रेत्श्मर रात्रीच्या अंधारात पाण्यावरूनच ताफ्याच्या आत शिरे आणि एका जहाजाला एकच टॉर्पेडो हे सूत्र पाळू पाही, ते याच हिशेबावर. कोनाचीही अशीच गंमत आहे. जहाज ९० अंशांवर असताना कोणी ८० म्हटले, तर टॉर्पेडोची दिशा अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही बदलत नाही. परंतु ३० अंशांवर असताना ४० म्हटले, तर ती तीन अंशांच्या आसपास चुकते. जहाजाच्या बरोबर कुशीला जाऊन थांबण्याचा कप्तानांचा सारा खटाटोप यासाठीच असे.

संगणकावरील खेळात हे सारे एका खुणेवर टाळता येते. रुमानियातील बुखारेस्ट येथे तयार होऊन २००५ साली बाहेर पडलेल्या ‘सायलेंट हंटर ३’ या खेळात वास्तवतेच्या पर्यायांची एक यादी आहे. टॉर्पेडो निकामी निघावेत की नाहीत, बॅटरी संपावी की नाही, इंधन मोजके असावे की नाही. आणि त्यातच, नेम हाताने धरावयाचा की नाही. हाताने धरावयाचा नसेल तर पेरिस्कोप जहाजावर आणून एक कळ दाबावी. दृष्टी जहाजाला चिकटते, अंतर, कोन आणि वेग यंत्रात आपोआप भरले जातात आणि जहाजाखाली एक छोटा त्रिकोण दिसतो. तो हिरवा असेल तर खुशाल सोडावा. तांबडा असेल तर न सोडणे बरे. हा पर्याय नवा नव्हे. सिड मायर यांनी १९८५ साली रचलेल्या ‘सायलेंट सर्व्हिस’ या खेळातही जहाजाचा कोन खेळणाऱ्याने स्वतः द्यावा असा एक पर्याय होता. वाद चाळीस वर्षांचा म्हणावयाचे ते त्यामुळेच.

हाताने नेम धरणाऱ्यांचा दावा असा, की यंत्रावर सोपविणारे खेळत नाहीत, नुसते कळ दाबतात. खरा कप्तान सर्व स्वतः करीत असे. हा दावा ऐकावयास बरा वाटतो, पण इतिहासाला धरून नाही.

खऱ्या पाणबुडीत त्रिकोणमितीचे गणित कप्तान करीतच नसे. अमेरिकन पाणबुड्यांत त्यासाठी ‘टॉर्पेडो डेटा कॉम्प्युटर’ नावाचे, दातेरी चाकांनी भरलेले, माणसाएवढे यंत्र असे. पाणबुडीचा स्वतःचा मार्ग आणि वेग त्यात आपोआप येत. शत्रूचे अंतर, कोन आणि वेग माणसाने चकत्या फिरवून भरावयाचे. एकदा भरले की जहाज आता कोठे असेल हे यंत्र क्षणाक्षणाला पुढे पुढे काढीत जाई, पेरिस्कोप खाली घेतला तरीही. जर्मन पाणबुड्यांतही सीमेन्सच्या बनावटीचे गणकयंत्र असे. जहाजाची जागा अशी पुढे पुढे काढीत जाण्याचा भाग मात्र त्यात नव्हता. शिवाय पेरिस्कोपवर एक माणूस, कड्यावरचे अंश वाचणारा दुसरा, यंत्रावर तिसरा, कागदावर मार्ग आखणारे आणखी एकदोघे, असा तांडाच कामाला लागलेला असे. घरी संगणकापुढे एकटा बसून घड्याळ, ओळखपुस्तक, डोलकाठी आणि चकत्या सांभाळणारा खेळाडू खऱ्या कप्तानाहून अधिक राबतो! तेव्हा ‘स्वयंचलित म्हणजे लबाडी’ हे म्हणणे टिकत नाही.

पण म्हणून विरुद्ध बाजूचे म्हणणे सर्वस्वी खरे ठरते असेही नव्हे. त्यासाठी ‘वाहू’ या अमेरिकन पाणबुडीची हकीकत पाहण्यासारखी आहे. २४ जानेवारी १९४३ रोजी ती न्यू गिनीतील वेवाक येथील नांगरवाड्यात शिरली. कप्तान होता डडली मॉर्टन. त्याची एक विशेष रीत अशी, की पेरिस्कोपवर तो स्वतः न राहता आपला दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन यास ठेवी. आपले डोके विचाराला मोकळे राहावे म्हणून. तेथे एक जपानी विनाशिका नुकतीच चालू लागली होती. तिच्यावर तीन टॉर्पेडो सोडले. तिन्ही तिच्या मागून निघून गेले, कारण वेगाचा अंदाज कमी पडला होता. वेग वाढवून धरून चौथा सोडला. विनाशिकेने वळून तो चुकविला आणि ती सरळ पाणबुडीच्या अंगावर आली. पाचवाही चुकला. सुमारे आठशे यार्डांवरून सोडलेला सहावा मात्र लागला.

या सहा टॉर्पेडोंपैकी एकाही वेळी गणकयंत्र चुकले नव्हते. पहिल्या तिघांच्या वेळी त्याला जो वेग सांगितला, त्या वेगाचे उत्तर त्याने अचूक दिले. चुकला तो वेग सांगणारा माणूस. यंत्राला समुद्र दिसत नाही. त्याला फक्त आकडा दिसतो. खेळातील स्वयंचलित नेमाचे मर्म नेमके येथे आहे. तो कप्तानाचे गणित हलके करतो असे आपण समजतो. वस्तुतः गणित तर पूर्वीच यंत्राकडे गेलेले होते. हा नेम हलके करतो ते कप्तानाचे अज्ञान. खेळ रचणाऱ्या संगणकाला जहाजाचा खरा वेग ठाऊकच असतो, कारण तो त्यानेच दिलेला असतो. आणि तोच खरा आकडा तो खेळणाऱ्याच्या यंत्रात उतरवून ठेवतो. असा सर्वज्ञ मदतनीस मॉर्टनला नव्हता, क्रेत्श्मरला नव्हता, कोणालाच नव्हता. चुकणारा मदतनीस मिळाला असता, कधी दीड नॉट अधिक धरणारा, कधी पन्नासला चाळीस म्हणणारा, तर तो स्वयंचलित नेम हाताच्या नेमाइतकाच खरा म्हणता आला असता.

हाताने नेम धरू पाहणाऱ्या नवख्या माणसाने घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. चारांपैकी एक आकडा पार काढून टाकण्याची एक रीत आहे, आणि खेळाडूंनी तिला ओकेनचेच नाव दिलेले आहे. जहाजाचा मार्ग नकाशावर आखून घ्यावा आणि पाणबुडी त्या मार्गाशी काटकोनात उभी करावी. टॉर्पेडो सरळ नाकासमोर जाणार. जहाज १० नॉटने आणि टॉर्पेडो ३० नॉटने, म्हणजे टॉर्पेडो तीन पावले जाईल तेव्हा जहाज एक पाऊल येईल. ज्या काटकोन त्रिकोणाची एक बाजू तीन आणि दुसरी एक, त्याचा लहान कोन असतो सुमारे १८ अंश. जहाज ज्या बाजूने येत असेल त्या बाजूस पेरिस्कोप १८ अंश वळवून ठेवावा आणि तसाच राहू द्यावा. जहाजाची नाळ रेघेला लागली की पहिला, मधला भाग लागला की दुसरा, असे टॉर्पेडो सोडावेत. यात अंतर कोठेच आले नाही! अंतर ९०० मीटर असेल तर जहाज ३०० मीटर चालेल, १५०० असेल तर ५०० चालेल. त्रिकोण लहानमोठा होईल, कोन तोच राहील. समरूप त्रिकोणांचे प्रमेय पाठ करून विसरलेल्या माणसाला ते येथे जिवंत झालेले दिसते. वेग मात्र या रीतीतही हवाच. त्यातून सुटका नाही.

एवढे सगळे बिनचूक करूनही टॉर्पेडो फुटेलच असे नाही, हेही खेळात घेता येते, आणि ती अतिशयोक्ती नव्हे. जुलै १९४३ मध्ये ‘टिनोसा’ या अमेरिकन पाणबुडीने थांबलेल्या एका प्रचंड जपानी तेलवाहू जहाजावर टॉर्पेडोमागून टॉर्पेडो मारले. बरोबर काटकोनात, जवळून. ते एकामागून एक आपटले आणि फुटलेच नाहीत. टोकाशी असलेली स्फोटक खीळ सरळ आघाताने चेपून निकामी होत असे. तिरप्या आघाताने ती चाले. ज्या काटकोनासाठी कप्तान जिवाचे रान करीत, त्या काटकोनानेच घात केला. कप्तानाने शेवटचा एक टॉर्पेडो न सोडता पुराव्यासाठी परत नेला.

या साऱ्या हिशेबाला एक दुसरे टोक आहे, आणि खेळात ते दिसत नाही. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री अटलांटिकमध्ये यू-४८ या जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ या ब्रिटिश प्रवासी जहाजावर दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही चुकले. आकडे पुन्हा पाहून मध्यरात्रीच्या सुमारास आणखी एक सोडला, तो लागला. बाँबवर्षावापासून वाचविण्यासाठी कॅनडाला पाठविलेली नव्वद मुले त्या जहाजावर होती. त्यांपैकी सत्त्याहत्तर मेली. जहाजावरील खलाशांत हिंदी लोक मोठ्या संख्येने होते आणि त्यांतलेही पुष्कळ बुडाले. विलायती कंपन्यांच्या जहाजांवर कोकणातली आणि गोव्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, भंडारी आणि वाढपी म्हणून नोकरी करीत आलेली. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये त्या युद्धात समुद्रावर मरण पावलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी नौसैनिकांची आणि खलाशांची नोंद जपलेली आहे. पाणबुड्यांतील लोकांचेही भाग्य काही वेगळे नव्हते. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजारांतले तीस हजारांच्या आसपास परतले नाहीत. ‘वाहू’ ऑक्टोबर १९४३ मध्ये मॉर्टनसह आणि सगळ्या माणसांसह नाहीशी झाली. ओकेन तोपर्यंत ‘टँग’ या नव्या पाणबुडीवर नेमला गेला होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याचाच शेवटचा टॉर्पेडो वळसा घेऊन उलटा आला आणि ‘टँग’ला लागला. नऊ जण वाचले, त्यांत तो होता.

मग खेळणाऱ्याने काय करावे? ज्याला अर्धा तास विरंगुळा हवा आहे, त्याने हिरव्या त्रिकोणावर विश्वास ठेवावा. त्यात कमीपणा कसला? ताफ्याचा माग काढणे, वाऱ्याचा आणि अंधाराचा विचार करून जागा धरणे, आणि टॉर्पेडो सोडल्यावर वरून येणाऱ्या विनाशिकांच्या तावडीतून निसटणे, हे त्याच्यासाठी पुरेसे आहे. मात्र ज्याला त्या काळचा कप्तान काय करीत होता हे जाणावयाचे आहे, त्याने आठपंधरा दिवस तरी हाताने नेम धरावा. सुरुवात थांबलेल्या जहाजापासून करावी, मग सरळ चालणाऱ्या एकट्या जहाजावर यावे, ताफा सर्वांत शेवटी. पहिल्या कित्येक खेपा टॉर्पेडो मागून जातील. बहुधा मागूनच जातील. जहाज दिसते त्यापेक्षा अधिक वेगाने चालले आहे हे मानावयास डोळा सहसा तयार होत नाही. वेग वाढवून धरण्याची सवय झाली की मग ते पुढून जाऊ लागतील.

अलीकडच्या खेळांत या वादाला एक तिसरी वाटही फुटलेली आहे. २०१९ साली खेळावयास मिळू लागलेल्या ‘वुल्फपॅक’ या खेळात एकाच जर्मन पाणबुडीवर, निरनिराळ्या गावी बसलेले खेळाडू इंटरनेटवरून एकत्र येतात. एक जण पेरिस्कोपला डोळा लावतो आणि कोन व अंतर मोठ्याने सांगतो. दुसरा ते गणकयंत्रात भरतो. तिसरा सुकाणू धरतो. चौथा पाण्यातले आवाज ऐकतो. नेम कोणा एकाचा नसतो, आणि संगणकाचाही नसतो. पेरिस्कोपवाला ‘डावीकडे सत्तर’ म्हणतो, यंत्रावरचा ‘उजवीकडे सत्तर’ भरतो, आणि टॉर्पेडो कोठल्या कोठे निघून जातो. मग पेरिस्कोप खाली घेऊन सारेजण पुन्हा पहिल्यापासून आकडे सांगू लागतात.